ओट्यावर चढवलेला दगड

माझ्या सासऱ्यांशी मी अठरा वर्षांत एक वाक्य सरळ बोलले नव्हते. भांडण नाही, अबोला नाही. आमच्या तांड्यात सून सासऱ्याशी बोलत नाही, एवढंच. काही सांगायचं असलं की मी सासूला सांगायचं आणि सासूने त्यांना. ते तीन हातांवर बसलेले असोत, माझं सगळं त्यांच्या कानात गेलेलं असो, जमनीयाडीच्या, म्हणजे सासूच्या, तोंडून आल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही. भाजीत मीठ कमी आहे इथपासून पोरीला पुसदच्या कॉलेजात घालायचं इथपर्यंत सगळा कारभार असाच झाला. मला आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं, मग सवय झाली. गेल्या ऑगस्टात या सवयीपायी आणि माझ्या एका शहाणपणापायी दोनशे अकरा माणसांवर बुडायची पाळी आली.

मी संगीता. आमच्या तांड्याची पोलीस पाटील. तांडा पुसद-उमरखेड रस्त्यापासून आत, नाल्याच्या काठाला. एका अंगाने मोठा नाला, दुसऱ्या अंगाने लहान ओढा, आणि मधल्या जिभेवर आमची साठ घरं. बाहेर पडायचं तर ओढ्यावरचा रपटा, म्हणजे बुटका सिमेंटचा पूल, ओलांडायचा आणि पलीकडच्या टेकडीवर चढायचं. टेकडीवर आश्रमशाळा आहे. रपटा पाण्याखाली गेला की आम्ही कोंडले गेलो, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

माझे सासरे देवसिंग, आम्हा सगळ्यांचे बापू, तांड्याचे नायक. आमचे लोक बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हापासूनची ही गादी. तांडा कधी हलवायचा, कुठे उतरवायचा, हे नायक ठरवायचा. नायक उठला, त्याने नगारा वाजवला, की तांडा उठायचा. आता लादणीचे बैल गेले आणि शेती आली, पण ही एक गोष्ट तशीच आहे. पाटीलकीचा शिक्का माझ्याकडे आहे, पण नगाऱ्याची टिपरी बापूंकडे आहे. ती वाजल्याशिवाय कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही.

आणि बापूंचाही एक मालक होता. तो म्हणजे दगड.

आमच्या देवळासमोर कडुनिंब आहे. त्याच्या बुडाशी हातभर उंचीचा एक काळा दगड रोवलेला होता. बापू पोरसवदा होते तेव्हा मोठा पूर आला, तांड्यातली अकरा माणसं वाहून गेली. त्यानंतर बापूंच्या वडिलांनी तो दगड रोवला आणि सांगून ठेवलं, नाल्याचं पाणी दगडाला लागलं की तांडा उठवायचा. एवढंच सांगितलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर दोनदा पाणी दगडाला लागलं, दोनदा तांडा उठला, दोन्ही वेळा माणसं वाचली. मग कुणीतरी दगडाला शेंदूर लावला, कुणी नारळ फोडला, आणि दगडाचा देव झाला.

चार वर्षांपूर्वी आम्ही सेवालाल महाराजांचं देऊळ नव्याने बांधलं. जुनी टिनाची खोली पाडून पक्कं बांधकाम, समोर पाच पायऱ्यांचा ओटा, त्यावर फरशी. तेव्हा बैठकीत मी उठून बोलले. म्हटलं, महाराज वर बसणार आणि दगड खाली धुळीत? त्याच्यावर बकऱ्या बसतात, कुत्री पाय वर करतात, पोरं गाड्या टेकवतात. दगडालाही ओट्यावर मान द्या. सगळ्यांना पटलं. बापूंनी मान डोलावली आणि याडीच्या तोंडून निरोप आला, सून बरोबर बोलली. सगळ्यांसमोर त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी. मी त्या दिवशी जमिनीवर नव्हतेच. दगड वाजतगाजत निघाला, नवीन फरशीत खोबण करून सिमेंटमध्ये बसवला. पहिलं हळदकुंकू मी लावलं.

पुढच्या वर्षी गावाचा आपत्तीचा आराखडा भरायचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, पुराच्या धोक्याची स्थानिक खूण. मी झोकात लिहिलं, ‘देवळासमोरचा पूर्वापार दगड’. फोटोही जोडला. फोटोत दगड ओट्यावर आहे, ताजा शेंदूर आहे, शेजारी मी उभी आहे. माणूस इतका आंधळा कसा असतो, हे मला तो फोटो पाहिला की अजून कळत नाही.

*

त्या दिवशी पावसाचा तिसरा दिवस होता. सकाळी दहाला नानाजींचा फोन आला. नानाजी वरच्या गावचे, तिथल्या पाझर तलावाच्या भिंतीवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे.

“पाटलीनबाई, भिंतीच्या बुडातून पानी येऊन राह्यलं,” ते म्हणाले.

“ते तं दरसालच येते ना, भाऊ.”

“दरसाल निवळ येते. आज गढूळ हाये. मातीच घेऊन येऊन राह्यलं व माय. भिंत आतून पोकळ होऊन राह्यली.”

लगेच तहसीलमधूनही निरोप आला, सखल वस्त्या खाली करा. मी ओढणी कमरेला खोचली आणि निघाले. आमच्या घरात गोरबोली, आम्हा बंजाऱ्यांची बोली, चालते. इथे सगळ्यांना कळावं म्हणून आमचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे. राग मात्र तेवढाच होता, तो भाषेने कमी होत नाही.

राग यासाठी की मला पुढचं सगळं माहीत होतं. आदल्या पावसाळ्यात असाच निरोप तीनदा आला होता. तीनदा मी नायकाच्या मागे लागून तांडा उठवला आणि तीनदा काही झालं नाही. दुसऱ्या वेळी मागे राहिलेल्या बकऱ्या कुणीतरी नेल्या. तिसऱ्या वेळी शाळेच्या ओल्या फरशीवर झोपून फुलसिंगच्या म्हाताऱ्या आईला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. तेव्हापासून मला ‘मोबाईल पाटलीन’ म्हणतात. आणि बापूंनी सांगून टाकलं होतं, आता फोनवर तांडा उठणार नाही. दगड सांगेल तेव्हाच उठेल.

ते ओट्यावर दगडाशेजारी बसले होते. डोक्याला लाल फेटा, मांडीवर काठी, मागे नगारा. नजर समोरच्या पाण्यावर. नाला काठ सोडून मैदानात शिरला होता आणि ओट्याची खालची पायरी भिजत होती. याडी दुसऱ्या पायरीवर बसली होती. तिच्या खुब्याचं दुखणं जुनं. ती बसली की उठायला दोन माणसं लागतात.

“याडी,” मी म्हटलं, “बापूले सांगा, तलावाची भिंत पोकळ होऊन राह्यली. आत्ताच निघा लागते.”

याडीने मान वळवली. “आयकलं का? सून म्हनते, निघा लागते.”

“दगडाले पानी लागलं काय?” बापू म्हणाले.

“दगडाले पानी लागलं काय म्हनते,” याडीने मला सांगितलं.

“नाई लागलं. पन भिंत फुटली तं एका घंट्यात पानी आपल्या घरात येते, म्हना.”

“मागच्या साली बी फुटत होती,” बापू म्हणाले. “तीनदा फुटत होती. फुलसिंगची माय त्या फुटण्यानंच मेली. तिले इचार म्हनाव, त्या पोराले काय सांगू मी?”

याडीने ते माझ्याकडे वळवलं नाही. वळवायची गरजच नव्हती.

मी घरोघर फिरले. माणसं काही मूर्ख नव्हती. गाठोडी बांधलेली होती, लेकरांना स्वेटर घातलेले होते, बैलांची दावी सोडून हातात धरलेली होती. सगळी दारात उभी राहून ओट्याकडे बघत होती. चंदाबाईचं घर खालच्या गल्लीत अगदी नाल्याकडे. तिच्या चुलीपर्यंत पाणी आलं होतं. मी तिचा दंड धरून ओढला. म्हटलं, पाटील म्हणून हुकूम देते, चल.

“नायक बसला हाये ना अजून,” ती म्हणाली. तिला माझी कीव आली असं मला वाटलं. “दगडाले लागू दे व. मंग मी तुह्या आंधी पयते.”

*

त्या दिवशी तांड्यात एकच बाहेरचा माणूस होता. पुसदचा वाहिद मिस्त्री. फुलसिंगचा ट्रॅक्टर दुरुस्त करायला तो सकाळी आला आणि पावसात अडकला. ओट्याचं रेलिंगही त्यानेच चार वर्षांपूर्वी केलेलं. ट्रॅक्टर चालू झाला होता, मागे ट्रॉली लावलेली होती. तो दर दहा मिनिटांनी रपट्यापर्यंत जाऊन पाणी बघून येत होता.

“भाभी,” तो परत येऊन म्हणाला, “रपट्यावर पिंडरीइतकं पानी आलं. अभी निकलेंगे तो निकलेंगे. घुटन्याच्या वर गेलं का मंग लेकरं-बुढे पार नाई होत.”

“नायकाले सांगा.”

“सांगतलं. बोलले, दगडाले लागलं का सांग.”

फोन वाजला. नानाजी. पावसात त्यांचा आवाज तुटत होता.

“भिंत बसून राह्यली, पाटलीनबाई! मधातून हातभर खाली बसली. मी उतरलो भिंतीवरून. आता कवा बी...” फोन तुटला.

मी देवळाकडे पळाले. ओट्याची दुसरी पायरी पाण्याखाली गेली होती. याडीला दोघींनी उचलून चौथ्या पायरीवर बसवलं होतं. वर दगड कोरडा. देवळाचं छप्पर पुढे आलेलं आहे, त्यामुळे त्याच्यावर पावसाचा थेंबही नव्हता. बापू त्याच्याकडे बघत होते, मग पाण्याकडे, मग पुन्हा दगडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती असं नाही. पण दगडावरचा विश्वास भीतीपेक्षा मोठा होता. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. मी तोंड फिरवलं आणि समोर कडुनिंब दिसला.

कडुनिंबाच्या खोडावर शेंदराचा डाग होता.

वर्षानुवर्षं दगडाला शेंदूर लावताना मागच्या खोडावर हात पुसायचे. त्याचा तो डाग, सालीत मुरलेला. दगड वर गेला पण डाग तिथेच राहिला. रोज त्याच्यासमोरून जात होते, कधी लक्ष गेलं नव्हतं. आता त्याचा फक्त वरचा काठ दिसत होता, दोन बोटं. बाकी सगळा पाण्याखाली. म्हणजे दगड जिथे होता तिथे असता तर केव्हाच बुडाला असता. पाणी त्याला सकाळीच लागलं असतं. सकाळी, जेव्हा रपटा कोरडा होता.

दगड मीच उचलायला लावला होता. देवाला मान द्यायचा म्हणून मी घड्याळ उचलून उंच फळीवर ठेवलं होतं आणि साठ घरं त्या घड्याळाकडे बघत बसली होती.

“वाहिदभाई,” मी ओरडले, “ओट्याची उंची किती?”

“चार फूट दो इंच. काहून?”

मी उत्तर दिलं नाही. पाण्यातून पायऱ्या चढले. “याडी, बापूले सांगा, दगड चार फूट वर आला हाये. आपन त्याले वर आनला. पानी दगडाच्या जुन्या जागेवर कवाचं येऊन गेलं. झाडावरचा शेंदूर पाहा म्हना.”

याडीने झाडाकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं राहिलं. तिने बापूंना सांगितलं, अडखळत.

“दगड वर आनला म्हनून त्याचं सत वर गेलं नाई काय?” बापू म्हणाले. “पूजा करून आनला. तो जथी हाये तथी पानी येईन तवाच...” ते थांबले. त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करता आलं नाही. मग हट्टाने म्हणाले, “दगड कवा खोटा बोलला नाई.”

“दगड खोटा नाई बोलून राह्यला, बापू,” मी म्हटलं. “मी त्याले खोट्या जागी बसवलं.”

सरळ त्यांना. ओढणी डोक्यावरून कधी पडली होती मला माहीत नाही. बापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी याडीकडे पाहिलं, जणू मी बोललेच नाही, आणि याडी आता ते वाक्य पुन्हा म्हणेल याची ते वाट बघत होते.

याडी गप्प राहिली.

मग मी पायऱ्या उतरले, ट्रॉलीतली पहार घेतली आणि परत वर आले. वाहिद पुढे झाला आणि थबकला. हळूच म्हणाला, “भाभी, मैं हात नाई लावत. तुमचा देव हाये. उद्या कोनी काई बी बोलन.” त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, तुम्ही ट्रॅक्टर वळवून रपट्याकडे तोंड करून ठेवा.

पहिला घाव घातला तेव्हा फरशी तडकली. कुणीतरी किंचाळलं. फुलसिंग धावत आला. “पाटलीन, देव उखडून राह्यली तू? डोकं फिरलं काय?” त्याने पहार धरली. मी सोडली नाही. त्याच्या डोळ्यांत त्याची आई होती, मला दिसत होतं. म्हटलं, “तुह्या मायचं पाप माह्या डोक्यावर हाये, भाऊ. आज अजून दोनशे नको टाकू.” त्याची पकड सुटली. सिमेंट कच्चं होतं, बरं झालं. चार-पाच घावांत दगड हलला.

पण उचलेना. मण-दीड मणाचा दगड. मी त्याला कवेत घेऊन ओढत होते, नखं तुटत होती आणि कुणीही पुढे येत नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने दोन हात आले. गोंदलेले, हस्तिदंती बांगड्यांचे. याडी. जिला उठायला दोन माणसं लागतात ती कशी उठली, तिलाच माहीत. ओठ दाताखाली धरून तिने दगडाचं दुसरं टोक उचललं. आम्ही दोघी पाच पायऱ्या उतरलो. पाणी पोटऱ्यांना, मग गुडघ्यांना, मग मांडीला. कडुनिंबाच्या बुडाशी जुन्या खड्ड्याची कड पायाला लागली तिथे मी म्हटलं, सोडा. सोडला.

दगड दिसेनासा झाला. वर फक्त गढूळ पाणी फिरत राहिलं.

बापू उठले. पायऱ्या उतरून पाण्यात आले. आमच्याजवळ येऊन त्यांनी पाय पुढे करून चाचपलं. दगडाचं डोकं त्यांच्या तळव्याला लागलं असावं. ते तसेच उभे राहिले, पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत.

“अथी पानी आलं तवा बाप म्हने, थांबा, उतरन,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. “अर्ध्या घंट्यात पलीकडं जाचा उतार पान्याखाली गेला. माही बहीन माह्या खांद्यावर होती. बापानं मंग अथी दगड गाडला. म्हने, पानी अथी आलं का पलीकडं जाले अर्धा घंटा राह्यते. फक्त अर्धा घंटा. मले सांगतलं होतं. मी...” त्यांनी पायाने पुन्हा दगड चाचपला. “मी इसरलो. नारयं फोडता फोडता इसरून गेलो.”

मग ते वळले आणि ओट्यावर चढून त्यांनी नगारा वाजवला.

*

तांडा उठला. मी जन्मात तशी घाई पाहिली नाही. नेमानं नायक पुढे चालतो, बाकी मागे. बापू पायऱ्या उतरून आले, त्यांनी हातातली काठी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही तेव्हा ती माझ्या हातात कोंबली. “पुढं तू चाल,” म्हणाले. “मी मांगून पायतो.” आणि पुन्हा नगाऱ्याकडे गेले.

रपट्यावर पाणी गुडघ्याच्या वर होतं. म्हाताऱ्यांची ट्रॉली पलीकडे सोडून वाहिद परत आला आणि त्याने ट्रॅक्टर रपट्याच्या वरच्या अंगाला आडवा लावला, इंजीन चालू ठेवून, धार त्याच्या चाकांवर फुटावी म्हणून. पलीकडच्या बाभळीपासून ट्रॅक्टरपर्यंत दोर बांधला. पायी जाणाऱ्यांत मी काठी टेकत पहिली गेले. खालचं सिमेंट शेवाळलेलं, प्रत्येक पाऊल सरकत होतं. मागून चंदाबाई, डोक्यावर नात घेतलेली. मग माणसांची रांग, दोराला धरून. एका बैलाचा पाय घसरला आणि तो धारेत गेला. त्याच्या मालकाने दावं सोडलं नाही म्हणून फुलसिंगने त्याच्या हातावर काठी मारली. दावं सुटलं, माणूस राहिला. म्हातारे, अंथरुणावरचे आधीच ट्रॉलीतून पलीकडे गेले होते. याडी त्यांच्यातच होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, खुब्याचं पार वाटोळं झालं होतं.

मागे नगारा वाजतच होता. शेवटचं घर रिकामं होईपर्यंत थांबला नाही.

मी पलीकडे उभी राहून वहीत नावं खुणावत होते. वही भिजून लगदा झाली तेव्हा तोंडाने मोजायला लागले. दोनशे दहा. पुन्हा मोजले. दोनशे दहा. नगारा थांबला होता. बापू रपट्याच्या त्या टोकाला दिसले. पाणी आता मांडीवर होतं, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून बुडबुडे यायला लागले होते. वाहिद ओरडत होता, जल्दी, जल्दी. बापू पाण्यात उतरले आणि मधेच त्यांचा पाय गेला. फेटा सुटून लाल पट्टा होऊन वाहत गेला. वाहिदने सीटवरून उडी टाकून त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली. दोघं दोराला लोंबकळत राहिले. या टोकाला आम्ही तीसेक जणांनी दोर ओढला. मी काय ओरडत होते मला आठवत नाही. बायका सांगतात, ‘बापू, सोडू नका’ असं ओरडत होते.

ते किनाऱ्याला लागले. मी मोजलं. दोनशे अकरा, आणि वाहिद. ट्रॅक्टर तिथेच राहिला.

टेकडीच्या अर्ध्यावर असताना आवाज आला. आधी आम्हाला वाटलं, वीज. मग वरच्या वळणावरून नाला एकदम उभा राहून आल्यासारखं झालं. झाडं, कडबा, कुणाचं तरी छप्पर. रपटा आणि ट्रॅक्टर एका क्षणात नव्हते. खालची गल्ली एकेक घर करून बसली. चंदाबाईचं घर पडलं तेव्हा ती काही बोलली नाही, नातीचे डोळे तेवढे झाकले. देवळाच्या ओट्याभोवती पाणी चढताना दिसत होतं, तिसरी पायरी, चौथी. मग पावसाने पडदा टाकला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरल्यावर आम्ही खाली गेलो. बापू, मी आणि याडी. याडीला चालता येत नव्हतं, तरी तिने हट्ट धरला म्हणून फुलसिंगने पाठीवर आणलं. त्याने स्वतःहून वाकून पाठ पुढे केली, माझ्याकडे न बघता. चौदा घरं भुईसपाट. बकऱ्या किती गेल्या मोजता येणार नव्हत्या. उभ्या घरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ होती, माणसाच्या छातीइतकी, काही ठिकाणी डोक्याच्या वर. त्या घरांतून आदल्या दिवशी माणसं दारात उभी राहून ओट्याकडे बघत होती.

देवळाच्या ओट्यावरही तीच रेघ होती. पाचव्या पायरीच्या कडेला. तिथून एक वीत वर मी फोडलेल्या फरशीचा खड्डा. बापू गुडघ्यावर बसले. खड्ड्यात बोट घातलं आणि वर काढलं. बोटाला शेंदराची भुकटी लागली होती.

कोरडी.

भिंत फुटली, चौदा घरं गेली, आणि पाणी एवढ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. एक वीत खाली.

“दगडाले पानी लागलंच नसतं,” बापू म्हणाले. “आपन सगळे बसून राह्यलो असतो. अन् दगड कोरडा राह्यला असता.”

फुलसिंगने याडीला पायरीवर उतरवलं आणि तो तिथेच डोकं धरून बसला.

“दगड आता कुठं मांडाचा?” बापूंनी विचारलं.

मी सवयीने याडीकडे पाहिलं. माझे ओठ ‘बापूले सांगा’ म्हणायला उघडलेही होते.

“माह्याकडं काय पायतं व?” याडी म्हणाली. “तुले इचारून राह्यले ते.”